रक्ताची चिठ्ठी जपून ठेवा
(सुरगाणा येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण)

 

आजच्या सभेच्या विषयांत थकीत कर्ज आहे, नवीन गटांची बँक खाती आहेत आणि सगळ्यात शेवटी आरोग्य आहे. दर महिन्याला हेच होतं. दशसूत्री सगळ्यांना तोंडपाठ, पण आरोग्याची पाळी येईपर्यंत जीपची वेळ होते आणि अर्ध्या ताया चपला शोधायला लागतात. म्हणून अध्यक्षताईंची परवानगी घेऊन मी आज आरोग्य आधी घेतलं आहे.

विषय आहे गरोदरपणात आणि ऑपरेशनच्या आधी होणारी किडनी-लिव्हरची तपासणी. पुस्तकात त्यांना मूत्रपिंड आणि यकृत म्हणतात. दवाखान्यात सगळे किडनी-लिव्हरच म्हणतात, मीही तेच म्हणते.

पाड्यावर फिरताना एक तक्रार मला कायम ऐकू येते. "पोरीच्या अंगात आधीच रक्त नाही, आन् हे दर वेळी सुई टोचून रक्त काढतात." अंगात रक्त कमी असतं हे खरंच आहे, त्यात सासूबाईंचं काही चुकत नाही. पण तपासायला काढतात ते रक्त दोन नळ्या मिळून चहाचा एखाद-दुसरा चमचा भरेल एवढंच. जांभळ्या टोपणाच्या नळीतून हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट कळतात. लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीतून किडनी-लिव्हर कळतं. तेवढ्या रक्ताने अशक्तपणा येत नाही. ते न काढल्यामुळे मात्र बाईचा जीव धोक्यात येऊ शकतो. कसा, ते सांगते.

आधी किडनी. भाताची पेज आपण फडक्यातून गाळतो. फडकं चांगलं असेल तर पाणी खाली आणि शितं वर राहतात. फडकं विरलं की शितंही पाण्याबरोबर निघून जातात. किडनी असंच गाळायचं काम करते. अंगातली घाण लघवीतून बाहेर टाकते आणि चांगलं प्रथिन आत ठेवते. गरोदरपणात बीपी वाढून तिला इजा झाली की प्रथिन लघवीतून जायला लागतं. नर्सताई लघवीत पट्टी बुडवून रंग बघतात ना, त्या हेच शोधत असतात. त्याला अल्ब्युमिन म्हणतात. आता हसू नका, पण लघवी धरायची पद्धत सांगते. जागा पाण्याने धुवायची, सुरुवातीची धार सोडून द्यायची आणि मधली धार डबीत घ्यायची. अंगावरून पांढरं जात असेल आणि ते लघवीत मिसळलं तर पट्टी उगाचच रंग बदलते.

रक्तातून जी किडनीची तपासणी होते तिच्यात मुख्य आकडा क्रिएटिनिनचा. ही स्नायूंपासून तयार होणारी घाण आहे आणि किडनी ती बाहेर टाकते. किडनी मंदावली की ती रक्तात साठते आणि आकडा वाढतो.

आता नीट ऐका, कारण आजच्या सगळ्या बोलण्यात हीच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गरोदरपणात किडनी नेहमीच्या जवळजवळ दीडपट काम करते. त्यामुळे गरोदर बाईचं क्रिएटिनिन एरवीपेक्षा कमी असतं, साधारण ०.४ ते ०.८. पण लॅबच्या कागदावर शेजारी जी मर्यादा छापलेली असते ती सगळ्या मोठ्या माणसांसाठीची असते. काही कागदांवर १.१ पर्यंत, काहींवर १.२ किंवा १.३ पर्यंत. म्हणजे एखाद्या गरोदर ताईचा आकडा १.१ आला, तर कागदावर बाण नाही, ठळक अक्षर नाही, घरचे म्हणतात "नॉर्मल हाय". डॉक्टरांसाठी मात्र तो काळजीचा आकडा असतो.

आपल्याच भागातली गोष्ट आहे. नाव, गाव सांगत नाही. गटातली एक ताई, आठवा महिना, द्राक्षाच्या कामावरून दिंडोरीकडून नुकतीच परत आलेली. पाय सुजलेले, डोकं दुखायचं. एका खासगी लॅबमधून रक्त तपासून आणलं. क्रिएटिनिन १.१, कागदावर मर्यादा १.३. घरचे निवांत झाले. पण तिच्या सासूबाईंनी रेशनकार्डाच्या पिशवीत चौथ्या महिन्यातली चिठ्ठी जपून ठेवली होती. त्यावर ०.५ होतं. डॉक्टरांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या, बीपी बघितला, लघवी बघितली आणि त्याच दिवशी गाडी करून नाशिकला पाठवलं. बाळ लवकर आलं, वजनाला हलकं होतं, पण आज दोघं घरी आहेत. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी फक्त कागद फेकला नव्हता.

आपण गटाच्या पासबुकात एकच ओळ बघून बचत वाढली की घटली ते सांगू शकतो का? मागची ओळ लागतेच. रक्ताच्या चिठ्ठीचंही तसंच आहे.

आता लिव्हर. खाल्लेल्या अन्नाचा आणि औषधांचा निचरा लिव्हर करतं, आणि जखम झाल्यावर रक्त थांबवणारे घटकही तिथेच तयार होतात. कागदावर एसजीओटी, एसजीपीटी आणि बिलिरुबिन असे शब्द दिसतील. अल्कलाइन फॉस्फेटेज असाही एक आकडा असतो. गरोदरपणात तो वारेमुळे आपोआप वाढतो, त्याच्यापुढे बाण दिसला म्हणून एकट्या त्या आकड्यावरून घाबरून रडायचं कारण नाही. एसजीपीटी वाढलेलं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायचंच.

आपल्याकडे लिव्हरचं दुखणं पित्ताच्या नावाखाली लपतं. पोटात वरच्या बाजूला, मध्ये किंवा उजव्या बरगडीखाली दुखतं, मळमळतं, उलटी होते. घरात म्हणतात, पित्त झालं, सोडा पाज. पाच महिन्यांनंतर असं दुखलं तर सोडा बाजूला ठेवा आणि आधी बीपी मोजून घ्या. बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर असेल तर लघवी, क्रिएटिनिन, एसजीपीटी आणि प्लेटलेट या सगळ्या तपासण्या लागतात. कधी कधी लिव्हरला सूज येते, प्लेटलेट एक लाखाच्या खाली जातात आणि रक्तातल्या लाल पेशी फुटायला लागतात. हे सगळं तासांत बिघडतं. डोकं फुटल्यासारखं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, चेहऱ्यावर सूज, लघवी अगदी कमी होणं, यातलं काहीही असलं तरी सकाळची वाट बघायची नाही. १०८ लावायचा.

शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय खाजतात, रात्री जास्त, आणि अंगावर पुरळ तर दिसत नाही. हेही लिव्हरचं असू शकतं, म्हणून तेल चोळून गप्प बसू नका.

काविळीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण आपल्याकडे पाण्याचा प्रश्न आहे. उन्हाळ्यात झरे आटतात, पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरतं. घाण पाण्यातून पसरणारी एक कावीळ आहे, हिपॅटायटिस ई. इतरांना ती बहुतेक वेळा आपोआप बरी होते. पण शेवटच्या तीन महिन्यांत गरोदर बाईला झाली तर १०० पैकी २० ते २५ जणींपर्यंत जीव जाऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून गरोदर बाईला कावीळ झाली तर माळ घालून, पाला पाजून आठ दिवस घालवणं मला अजिबात मान्य नाही. भगतबाबांचा मान ठेवा, माझं त्यांच्याशी भांडण नाही. डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी दवाखाना, आणि घरात गरोदर पोरगी असेल तर पाणी उकळूनच.

ज्यांच्या घरात सिकलसेल आहे त्यांनी सिकलसेलचं कार्ड सोबत ठेवावं. त्या आजारातही डोळे पिवळे होतात, किडनीलाही त्रास होतो, आणि ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना ते माहीत असणं फार गरजेचं आहे.

ऑपरेशनचा विषय आलाच आहे. सिझरच्या वेळी कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर करतात. प्लेटलेट फार कमी असतील किंवा लिव्हर बिघडल्यामुळे रक्त गोठत नसेल, तर त्या सुईने मणक्यात रक्त साचण्याची भीती असते. तेव्हा भूलतज्ज्ञ वेगळा मार्ग निवडतात. किडनी मंद असेल तर काही औषधं अंगातून बाहेर पडत नाहीत, म्हणून त्यांचा डोस बदलावा लागतो. ऑपरेशन थांबवून डॉक्टर रिपोर्टची वाट बघतात तेव्हा नातेवाईक दारात ओरडतात, हे मी बघितलंय. ते दोन तास वाया जात नसतात. आणि फारच घाई असेल तर डॉक्टर न थांबता ऑपरेशन करतात. तोही निर्णय त्यांचाच.

झटके येऊ नयेत म्हणून मॅगसल्फचं इंजेक्शन देतात, दोन्ही कुल्ल्यांवर. खूप दुखतं, पण जीव वाचवतं. हे औषध लघवीवाटेच बाहेर जातं. म्हणून लघवीची नळी घालून दर तासाला किती लघवी झाली ते मोजतात, गुडघ्यावर हातोडी मारून बघतात, श्वास मोजतात. नळी काढा म्हणून हट्ट धरू नका. याच औषधाबद्दल आपल्या सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठं काम केलं. आपल्या बाया अंगाने बारीक, म्हणून त्यांच्यासाठी कमी डोसची पद्धत त्यांनी तयार केली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केली. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. कोणीतरी आपल्या बायांचं वजन लक्षात घेतलं.

आता पैशाची गोष्ट. गटाच्या कर्जाच्या अर्जावर "दवाखाना" असं कारण मी खूपदा वाचते, आणि त्यातला काही खर्च तपासण्यांचा असतो. ताईंनो, २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या, औषधं, रक्त, सिझर, जेवण आणि ने-आण मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथे विचारा. बाहेरून तपासून आणा असं कोणी म्हटलं तर ते कागदावर लिहून मागा आणि आशाताईंना सांगा.

दुसरी बाजूही सांगते. प्रत्येक गरोदर बाईला दर महिन्याला किडनी-लिव्हरच्या सगळ्या तपासण्या लागत नाहीत. बीपी, लघवी आणि हिमोग्लोबिन प्रत्येक भेटीत, बाकीच्या डॉक्टर सांगतील तेव्हा. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनआधीही हिमोग्लोबिन आणि लघवी बघणं आवश्यक आहे, इतर तपासण्या गरजेनुसार. म्हणून "फुल बॉडी पॅकेज" म्हणून हजार-दोन हजार कोणी मागितले तर गटाचं कर्ज काढून ते करू नका.

दुकानातल्या अंगदुखीच्या गोळ्यांचंही बोलायचं राहिलं. आवणीच्या दिवसांत कंबर मोडते, द्राक्षाच्या कामात खांदे भरतात, आणि टपरीवरून दोन गोळ्या घेतल्या जातात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या किडनीवर ताण आणतात आणि पाच महिन्यांनंतर बाळाच्या किडनीलाही त्रास देऊ शकतात. गरोदर असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चुलीत टाकू नका. ज्यांच्या खाण्यात कॅल्शियम कमी असतं त्यांना बीपीचा हा आजार होण्याचा धोका त्या कमी करतात. नागलीतही कॅल्शियम भरपूर असतं, ती खाताय ते चांगलंच आहे, पण गोळीही घ्या.

बाळंत झाल्यावर धोका संपला असं समजून आपण बीपी मोजणं सोडतो. झटके बाळंतपणानंतरही येतात. जिचा बीपी वाढला होता तिला पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा आणि दीड महिन्याने पुन्हा दाखवायला न्या. बिघडलेले आकडे परत जागेवर आले का, तेही तेव्हा बघतात. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला २४ तासांच्या आत लस आणि सोबत एक वेगळं इंजेक्शन लागतं, ते आधीच सांगून ठेवा.

पुढच्या सभेला येताना प्रत्येक गटाच्या सचिवताईंनी आपल्या गटातल्या आणि शेजारच्या घरांतल्या गरोदर ताईंची नावं आणा, आणि त्यांचं माता-बाल कार्ड आणि सगळ्या जुन्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्यात का तेही बघून या. पिशव्या मी आणल्या आहेत, जाताना गटाला पाच-पाच घेऊन जा. कामासाठी निफाड-दिंडोरीला जाणाऱ्या ताईंना ती पिशवी सोबत न्यायला सांगा, घरी पेटीत ठेवायला नाही. आता थकीत कर्जाचा विषय घेऊ, पण त्याआधी उंबरठाणच्या आजी मघापासून हात वर करतायत, त्यांचा प्रश्न ऐकते.