घराच्या शोभेतील पानेफुले

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी कित्येकांस किंचित हसू येण्याचा संभव आहे. भिंतीवर कोणते पान असावे, कोपऱ्यात कोणती टोपली ठेवावी, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? परंतु हल्ली पुण्यातील कोणत्याही नव्या बिऱ्हाडात पाऊल टाकावे, तो तेथे निसर्गाची मोठीच दाटी झालेली आढळते. उशांच्या अभ्र्यांवर केळीची पाने, भिंतीवर नेच्याचे छापील कागद, छताला वेताच्या विणीचा दिवा, आणि उंच बरणीत वाळलेल्या गवताचे झुबके! ह्यांतील बहुतेक वस्तू हाताळून घेतलेल्या नसतात. फोनच्या पडद्यावर चित्र पाहावे, बोट टेकावे, आणि चार दिवसांनी पुठ्ठ्याचे खोके दाराशी यावे, असा हा ऑनलाइन दुकानांचा व्यवहार आहे. त्याला नावे ठेवण्यासाठी मी येथे आलो नाही. टेकड्या इमारतींआड गेल्यावर माणसाच्या डोळ्यांनी घरातच थोडे हिरवे मागावे, ह्यात गैर ते काय? मला सांगावयाचे आहे ते निराळे. चित्रात वस्तूचा आकार दिसतो, रंग दिसतो. तिचे द्रव्य मात्र दिसत नाही. आणि घराची शोभा टिकते किंवा विटते ती द्रव्यावर.

पानाफुलांनी घर सजविणे ह्या शहरास नवे नाही. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबाग वाडा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या दर्शनी भागाचे सागवानी खांब वर निमुळते होत जातात. त्यांना सुरूदार खांब म्हणतात. पेशवाईतील वाड्यांत अशा खांबांच्या माथ्याशी केळफूल कोरण्याची रीत होती. सुरू म्हटला की आज आपणांस कोकणच्या समुद्रकाठचे झाड आठवते. परंतु खांबातला सुरू तो नव्हे. तो इराणी बागांतला सुरू, मोगलांच्या नक्षीतून दक्षिणेत आलेला. खांब घडविणाऱ्या सुताराने ते झाड बहुधा पाहिलेही नसेल. केळफूल मात्र त्याच्या परसातले! तेव्हा परक्या मुलखाचे पान आपल्या घरात आले म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. कारागिराने ते परके झाड सागवानात उतरविले आणि त्याच्यावर छताचा भार दिला, ही गोष्ट महत्त्वाची.

हाच प्रकार लहान वस्तूंत पाहावयाचा असेल, तर राजा केळकर संग्रहालयात एखादी दुपार काढावी. ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर ह्यांनी घरोघरच्या वापरातील वस्तू जमवून ते उभारले. दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे ह्यांवर तेथे पशुपक्ष्यांची व वेलपत्तीची नुसती रेलचेल आहे. आणि आपली कोयरी? आंब्याच्या कोयीचा आकार, आत हळद नि कुंकू. तिला कोणी शोभेची वस्तू म्हटले नसते. पण शोभेत ती कोणाला हार जाणार नाही.

केवळ चित्रावर भाळल्याने काय होते, ह्याचे उदाहरण विलायतेत सापडते. विल्यम मॉरिस हा इंग्लंडातील थोर नक्षीकार. त्याने १८८७ साली वाळुंजाच्या डहाळ्यांची जी नक्षी रचली, तिच्या नकला आज सव्वाशेहून अधिक वर्षांनीही अभ्र्यांवर विकल्या जातात. परंतु त्याच मॉरिसच्या आरंभीच्या भिंतीकागदांतील हिरव्या रंगात सोमल होता, असे पुढे रासायनिक तपासणीत आढळून आले. भिंतीवर वनश्री, आणि तिच्या हिरवेपणात विष!

आजच्या मालात सोमल नसेल. पण नावात आणि द्रव्यात अंतर आहेच. ‘शिसवी फिनिश’ ह्याचा अर्थ शिसवीचा रंग, शिसवीचे लाकूड नव्हे. आत पुष्कळदा भुसा राळेत दाबून केलेली फळी असते. तिच्या कडा उघड्या राहिल्या की पुण्याचा आषाढ तिला फुगवितो. वेत म्हणून येणारी वीण कित्येकदा प्लास्टिकच्या दोऱ्यांची असते. ‘बांबूची’ म्हणून खपणारी काही ताटे-पेले प्लास्टिकात बांबूची पूड मिसळून केलेली असतात; त्यांच्याविरुद्ध युरोपीय संघाने २०२१ साली मोहीमच उघडली. पांढऱ्या गवताच्या झुबक्यांविषयी तर मला नवल वाटते. हे पाम्पास गवत मूळचे दक्षिण अमेरिकेचे. आपल्याकडे शरद ऋतूत नदीकाठी काश फुलतो, कालिदासाने ज्याचे कौतुक केले तोच. परंतु त्याला खोके नाही, म्हणून गिऱ्हाईक नाही.

आता कसबा पेठेतील तांबट आळीकडे वळू. तेथे गेल्यास डोळ्यांआधी कान कामाला लागतात. तांब्याचा पत्रा ठोकला की कठीण होतो; मग तो भट्टीत तापवून मऊ करावयाचा आणि पुन्हा ठोकावयाचा. असे करीत भांडे आकाराला येते. शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्यावर ओळीने ठोके उमटवितात, ते मठारकाम. पुष्कळांस वाटते की हे ठोके केवळ नक्षी म्हणून असतात. तसे नाही. त्या ठोक्यांनीच पत्र्याला शेवटचा कठीणपणा येतो आणि भांडे चेपत नाही. प्रकाश त्यावर पाण्यासारखा हलतो, हा वरचा लाभ. साच्यात दाबून उठविलेला खोटा मठार ओळखणे सोपे आहे: एकच खळगा ठराविक अंतराने पुनःपुन्हा येतो. हाताचे दोन ठोके तंतोतंत सारखे पडत नाहीत.

स्टेनलेस स्टील आले, नळाला गरम पाणी आले, आणि बंब-हंडे-घंगाळांची मागणी ओसरली. तांबटाच्या हातोडीला काम उरते की नाही, असा प्रश्न उभा राहिला. आणि येथे मला ऑनलाइन दुकानांच्या बाजूने बोलणे प्राप्त आहे. मठारलेले दिवे, वाडगे, फुलदाण्या ह्यांना परगावचे गिऱ्हाईक मिळू लागले, ते पुष्कळसे ह्याच मार्गाने. पेठेबाहेर न गेलेली कला दूरच्या दिवाणखान्यात पोहोचली. मात्र पडद्यावर हाताचा माल आणि साच्याचा माल शेजारी शेजारी दिसतात, चित्रात सारखेच चमकतात, आणि स्वस्त तो आधी उचलला जातो. म्हणून विकत घेणाऱ्याने चित्र मोठे करून खळगे पाहावेत, वजन विचारावे, वर रोगण आहे काय हेही विचारावे. रोगण असेल तर चिंचेने घासू नये. नसेल तर चिंचेसारखे दुसरे काही नाही. आत आंबट पदार्थ ठेवावयाचा असल्यास कल्हई हवी.

बुरूड आळीची गोष्ट थोडी वेगळी. बांबू हा गवताचा प्रकार असून कायद्याने त्याला वृक्ष मानले होते. २०१७ साली वनकायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेर वाढलेला बांबू तोडण्या-नेण्यातील एक अडचण गेली. सुपे, रोवळ्या, टोपल्या, तट्टे हा बुरुडांचा जुना माल. त्याच विणीचा दिवा किंवा पडदा कोणी सांगून करून घेतला, तर तो आपल्या खिडकीच्या मापाचा होतो. खोक्यातून आलेल्या पडद्यासाठी खिडकीलाच जुळवून घ्यावे लागते. बांबूचा शत्रू म्हणजे भुंगेरा. त्याला बांबूतले पिठूळ सत्त्व हवे असते. टोपलीखाली बारीक पिवळसर भुकटी पडू लागली की तो आत शिरला असे समजावे. बांबू टाकणखार व बोरिक आम्लाच्या पाण्यात मुरविलेला आहे काय, हे घेतानाच विचारून ठेवावे. आणि वस्तू भिंतीला चिकटवून न ठेवता मधून वारा खेळेल इतकी जागा सोडावी. श्रावणात भिंत ओलावली तरी मग बुरशी सहसा धरत नाही.