वावर विकलं नाही, गहाण ठेवलं होतं
(तालुका बैठकीतील भाषण. बोललेलं बहुतेक तसंच ठेवलं आहे.)

भावांनो, बहिणींनो, आणि पोडावरून पायी आलेल्या म्हाताऱ्या मायबापांनो,

मागच्या बैठकीत एका बाईनं उभं राहून विचारलं होतं, "सावकारानं दाबलेलं वावर परत मागायचं तर कोणत्या कोर्टात जावं लागते, अन् वकिलाला किती द्यावे लागते?" त्या दिवशी आम्ही उत्तर अर्धवट दिलं. आज पुरं देतो.

मुंबई-पुण्याला लहान दाव्यांसाठी लघुवाद न्यायालय आहे. आपल्याकडे उसन्या पैशाचा दावा तालुक्याच्या दिवाणी कोर्टात चालतो. पण सावकाराच्या घशातलं वावर काढायला आधी कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नावाचा कायदा आहे. त्याचं कलम १८ तेवढं ध्यानात ठेवा. अर्ज करायचा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यवतमाळ यांच्याकडे. वावर खरेदीखतानं गेलं असो, गहाण गेलं असो, मक्त्यानं गेलं असो; ते कर्जापोटी तारण म्हणून गेलं होतं असं चौकशीत निघालं, तर तो कागद रद्द ठरवून ताबा परत देण्याचा हुकूम उपनिबंधक देऊ शकतात. बाप मेला असेल तर पोरानं, पोरीनं, वारसानं मागायचं. एक अट आहे: अर्जाच्या तारखेपासून मागं १५ वर्षांच्या आत वावर सावकाराकडे गेलेलं असलं पाहिजे. म्हणून घरी गेल्यावर पहिलं काम, कागदावरची तारीख पाहा. ज्यांची १४ वर्षं झाली त्यांनी दिवाळीची वाट पाहू नये.

आता आमची चूक सांगतो, कारण तीच चूक तुम्ही करू नये.

आम्ही एका भावाचा अर्ज लिहून दिला होता. तीन एकर वावर. मुलीच्या दवाखान्यासाठी पैसे घेतले, सावकारानं दुय्यम निबंधकाकडे नेऊन खरेदीखत करून घेतलं, तोंडी म्हणाला, "पैसे आण, वावर फिरवून देतो." पैसे घेऊन गेला तर म्हणे, कोणतं वावर? चौकशीत तो सावकार पांढरे कपडे घालून आला आणि म्हणाला, "साहेब, मी किराणा दुकानदार. जन्मात एकदा याला हातउसने दिले. वावर मात्र रोख देऊन विकत घेतलं." अर्ज फेटाळला गेला. आम्हाला राग आला, पण घरी येऊन कायदा पुन्हा वाचला तेव्हा समजलं. हा कायदा सावकारीचा *धंदा* करणाऱ्याला लागतो. ओळखीत एकदा हातउसने देणं म्हणजे सावकारी नाही. तो धंदा करतो हे आम्ही दाखवलंच नव्हतं. आणि त्याच गावात आणखी चार घरांचे कागद त्याच्या पेटीत होते! चारही जण चौकशीच्या दिवशी कापूस वेचायला गेले होते. घाबरले म्हणा, लाजले म्हणा. हुकमावर विभागीय सहनिबंधक, अमरावती यांच्याकडे अपील करता येते, पण महिन्याच्या आत. तो महिनाही आम्ही हळहळण्यात घालवला.

म्हणून सांगतो, एकट्याचा अर्ज करू नका. एकाच सावकाराचे पाच देणेकरी असतील तर पाचही अर्ज एकाच दिवशी द्या आणि एकमेकांचे साक्षीदार व्हा. त्याच्या नावावर पाच गावांत पाच खरेदीखतं आहेत, सगळी कवडीमोल भावानं, हे कागद समोर ठेवले की किराणा दुकानदाराचा सावकार होतो. खरेदीनंतरही वावर तुम्हीच वाहत असाल, सातबाऱ्यावर पीकपाहणी तुमच्या नावानं असेल, विहिरीच्या मोटारीचं बिल तुम्ही भरत असाल, तर ते सगळं जोडा. विकलेलं वावर कोणी वाहते का? उपनिबंधकांना घर-दुकानाची झडती घेण्याचाही अधिकार आहे. कोरे स्टॅम्प, सह्या केलेले चेक, दुसऱ्याचे सातबारे तिथंच सापडतात. विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

आता आपल्या आदिवासींची गोष्ट थोडी निराळी. आपली जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या आधीच्या मंजुरीशिवाय देताच येत नाही. महसूल संहितेचं कलम ३६-अ तसं सांगते; त्यात विक्री, गहाण आणि पट्टा म्हणजे मक्ताही आला. वनहक्काचा पट्टा तर २००६ च्या कायद्यानं वारसालाच जातो, विकताही येत नाही अन् दुसऱ्याच्या नावावर करताही येत नाही. पट्टा सावकाराकडे पडला असेल तर तो नुसता कागद पडला आहे, जमीन नाही. हे सावकाराला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणून तो आपल्या बंजारा शेजाऱ्याकडून खरेदीखत करून घेतो, आणि आपल्याकडून कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा. नाही तर आपल्यातलाच एक जण उभा करून त्याच्या नावानं खरेदी लावतो. असे नाव देणारे या मांडवातही असतील. त्यांचं नाव आज घेत नाही. कागद घेऊन स्वतः पुढं आले तर त्यांचीच साक्ष सगळ्यात भारी पडेल.

व्याजाबद्दल एकच. परवानाधारक सावकारालासुद्धा मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, चक्रवाढ लावता येत नाही. शेकडा पाच-दहा महिना घेणाऱ्याचं काय ते तुम्हीच समजा.

आपले पैसे दुसऱ्याकडे अडकले असतील, व्यापाऱ्यानं कापूस उधार नेला, ठेकेदारानं मजुरी ठेवली, तर तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. "पुढच्या हंगामात देतो" असं म्हणत तो तीन वर्षं सहज काढते. अनुसूचित जमातीच्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. लोकअदालतीत मिटवता येते, दावा लावण्याआधीसुद्धा. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.

कोणी म्हणेल, सावकारावर अर्ज केला तर मिरगाला बियाणं कोण देईल? खरा प्रश्न आहे. बँक आपल्याला उभं करत नाही अन् दवाखाना रात्री लागते. याचं सोपं उत्तर आमच्याकडे नाही. दोन गावांत बचत गटांनी बियाण्यापुरता पैसा आधीच बाजूला काढून ठेवला, तिथं लोक अर्ज करायला कमी घाबरले, एवढं पाहिलं आहे. पेसा गावांत सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला आहे. ग्रामसभेनं कोण कोण व्याजानं पैसे देते याची यादी ठरावात लिहिली तर ती अर्जाला जोडता येईल. आपल्या केळापूर, झरी, मारेगाव, राळेगाव, घाटंजीकडच्या किती ग्रामसभांनी हे केलं? आम्ही विचारलं तेव्हा सगळे वर आढ्याकडे पाहत होते.

पुढच्या बैठकीला येताना सातबारा, फेरफार, खरेदीखताची नक्कल असेल ती, वीजबिल आणि जुन्या पावत्या पिशवीत घालून आणा. नक्कल नसेल तर दुय्यम निबंधकाकडे काढायला आम्ही सोबत येऊ. एका सावकाराचे देणेकरी एका चटईवर बसतील. कोण कोणाच्या चटईवर बसलं हे पाहून आपल्यालाच नवल वाटेल.