भाव ठरवताना मजुरी विसरू नका
(संघाच्या मासिक सभेतील भाषण)



मागच्या सभेत एका गटानं विचारलं, "मनीषनगरात घरोघरी गाड्या आहेत. कर्ज काढून गाड्या धुण्याचं ऑटोमॅटिक मशीन टाकलं तर चालेल का?" प्रश्न चांगला आहे. मनीषनगर, बेसा या भागात फ्लॅट वाढले, गाड्या वाढल्या. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. पण गिऱ्हाईक आहे म्हणजे नफा आहे, असं नाही. सगळं भावावर ठरतं. आज हिशोब करूनच बघू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, खरे आकडे तुम्ही चौकशी करून भरा.

समजा जागेचं भाडं 25,000, कर्जाचा हप्ता 35,000, दोघींचा पगार 30,000, देखभाल 10,000. झाले महिन्याचे 1 लाख. एकही गाडी आली नाही तरी हा खर्च लागणारच. शिवाय दर गाडीमागे पाणी, शाम्पू, वीज मिळून 50 रुपये.

भाव 250 ठेवला तर गाडीमागे 200 उरतात. लाख भरून निघायला महिन्याला 500 गाड्या पाहिजेत. 26 दिवस काम धरलं तर रोज 19-20.

आता शेजारचा 150 मध्ये धुतो म्हणून आपणही 150 केला, तर उरतात फक्त 100. मग गाड्या लागतील 1000, म्हणजे रोज 38-39! भाव 100 रुपयांनी उतरवला आणि काम दुप्पट झालं. म्हणून घाबरून भाव पाडू नका.

मग गिऱ्हाईक कसं धरायचं? तीन पॅकेज ठेवा. साधं धुणं 250, आतून व्हॅक्यूमसकट 400, पॉलिशसकट 600. मधल्याचा खर्च 90 धरला तर 310 उरतात. दहापैकी चौघांनी मधलं घेतलं आणि बाकीच्यांनी साधं, तरी सरासरी 244 उरतात. मग 410 गाड्यांतच भागतं. मोठ्या गाडीला पाणी, वेळ जास्त लागतो, तिचा भाव वेगळा लिहा.

महिन्याचा पासही ठेवता येतो. चार धुण्यांचे 800. जो एकदाच येत होता त्याच्याकडून जास्त मिळतं. पण जो आधीच चारदा यायचा, त्याच्यात 200 रुपये सोडावे लागतात. म्हणून पास देताना आधी तो किती वेळा यायचा ते बघा. "कितीही वेळा धुवा" असं लिहू नका. सूट द्यायची तर सोमवार ते गुरुवार द्या. रविवारी रांग असते, तेव्हा सूट कशाला?

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की सेवेसाठी जीएसटी नोंदणी लागते, आणि या कामावर 18 टक्के कर आहे. दुसरी गोष्ट पाण्याची. मार्च 2024 मध्ये बंगळुरात टंचाई आली, तेव्हा पिण्याच्या पाण्यानं गाडी धुण्यावर बंदी घातली, दंड 5,000 रुपये. आपल्याकडे अशी वेळ आली तर हप्ता थांबणार नाही. म्हणून वापरलेलं पाणी गाळून परत घ्यायची सोय पहिल्याच दिवशी खर्चात धरा.

आता मशीन बाजूला ठेवा. तुमचे पापड, लोणचं, शिवणकाम यांचाही हिशोब असाच आहे. वरच्या हिशोबात दोघींचा पगार आधी लिहिला, हे पाहिलं ना? आपण घरी तो लिहीतच नाही. उडीद, तेल, पाकिटाचा खर्च मांडतो, वर दहा रुपये ठेवतो आणि खूश होतो. मीही आमच्या गटात दोन वर्षं हेच केलं. विक्री वाढत गेली, हात दुखत गेले, खात्यात काही दिसेना. मजुरी धरली तेव्हा कळलं, आम्ही तोट्यात विकत होतो.

पुढच्या सभेला प्रत्येक गटानं एका वस्तूचा हिशोब वहीत लिहून आणा. पहिल्या ओळीत मजुरी. मग कर्जाचं बोलू.