हुकूम कुणाचा?



बोटीवर कंटेनर बांधताना माझा हात चेंगरला. इस्पितळात रात्रपाळीला सिस्टर होती एजन्सीची, आपल्यातलीच पोरगी. कागदावरचा डोस तिला लागेना. पर्मनंट सिस्टरला विचारलं तर म्हणे, ‘तू माझ्या हाताखाली नाहीस. एजन्सीला विचार.’ एजन्सीचा माणूस पनवेलला झोपलेला. तासभर मी बोंबलत पडलो. सकाळी तीच पर्मनंट बाई तिला हुकूम सोडते, ‘लादी पुसून घे!’

तिला तरी काय बोलू? लेखी अधिकार तिलाही कुणी दिलेला नाही.

धक्क्यावर आपलं वेगळं काय? हुकूम सुपरवायझरचा, पगार ठेकेदाराचा, मोडलेला हात आपला.

हा घोळ मालकाच्या पथ्यावर पडतो. ३० ऑगस्ट २००१ ला वॉटरफ्रंट युनियनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं, कंत्राटावर बंदी आली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही. कंत्राट बनावट आहे हे औद्योगिक न्यायालयात सिद्ध करा. मग तिथं सवाल येतोच, तुझ्यावर देखरेख कुणाची? साहेब हात वर करतो. आपल्याकडं कागद नसतो.

त्या पोरीला मी वही दिली. आता ती रोज लिहिते. तारीख, वेळ, काम, कुणी सांगितलं.