दोन प्रतिस्पर्ध्यांचे एक गोदाम



अमेरिकेतील चित्रपट कंपन्या आपल्या तबकड्या कोणत्या गोदामातून विकतात याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न अगदीच गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु विकत आणून घरात ठेवलेली वस्तू आणि दुसऱ्याच्या मर्जीने पाहायला मिळणारी वस्तू यांत अंतर काय, हे समजून घ्यायचे असेल तर या गोदामाइतके सोयीचे ठिकाण आम्हांला तरी दुसरे सापडलेले नाही. म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

२१ जुलै २०२३ या एकाच दिवशी अमेरिकेतील चित्रपटगृहांत दोन मोठे चित्रपट लागले. 'बार्बी' हा वॉर्नर ब्रदर्सचा आणि 'ओपेनहायमर' हा युनिव्हर्सलचा. वर्तमानपत्रांनी या योगायोगाचे द्वंद्वयुद्धच करून टाकले. त्याला थोडे कारणही होते. 'ओपेनहायमर'चे दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन हे पूर्वी अनेक वर्षे वॉर्नरबरोबर काम करीत. पण २०२१ सालचे आपले सगळे चित्रपट चित्रपटगृहांत आणि घरच्या स्ट्रीमिंगवर एकाच दिवशी दाखवायचे असे वॉर्नरने २०२० च्या डिसेंबरात जाहीर केले. नोलन यांनी त्यावर उघड टीका केली आणि पुढचा चित्रपट ते युनिव्हर्सलकडे घेऊन गेले. असा हा सामना होता. त्याच वर्षाच्या अखेरीस दोन्ही चित्रपटांच्या तबकड्या बाजारात आल्या. त्या अमेरिकेतील दुकानांत कोणी पोचविल्या? दोन्ही एकाच कंपनीने! पडद्यावर एकमेकांशी झुंजणारे हे दोन वीर उतरले ते एकाच मालगाडीतून.

या कंपनीचे नाव स्टुडिओ डिस्ट्रिब्युशन सर्व्हिसेस. वॉर्नर आणि युनिव्हर्सल यांनी ही भागीदारी २०२० च्या जानेवारीत जाहीर केली आणि २०२१ साली तिचे काम सुरू झाले. अमेरिका व कॅनडा या दोन देशांत दोघांच्या डीव्हीडी आणि ब्लू-रे तबकड्यांची विक्री, दुकानदारांशी व्यवहार आणि मालाची ने-आण हे सारे तिच्याकडे गेले. इतर काही देशांत त्यांनी वाटणी केली: ब्रिटन, इटली येथे वॉर्नरने दोघांचा माल विकायचा, जर्मनी, जपान येथे युनिव्हर्सलने. भाऊबंदकीतील वाटण्या आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. येथे मात्र भाऊबंद नसलेल्यांनी आपण होऊन चूल एकत्र केली.

कारण आकड्यांत आहे. अमेरिकेत तबकड्यांची विक्री २००५ च्या सुमारास शिगेला पोचली, तेव्हा ती वर्षाला सुमारे १६ अब्ज डॉलरांची होती. २०२४ साली ती एक अब्जाच्याही खाली आली. म्हणजे रुपयाचा एक आणा राहिला; आणि मधल्या वर्षांची महागाई धरली तर तो आणाही पुरता उरत नाही. आता गोदामाचे भाडे काही सोळाव्या हिश्शावर येत नाही. एसटीची गाडी चाळीस उतारू घेऊन निघो की चार, चालक एकच लागतो आणि इंधनही जवळजवळ तेवढेच जळते. शिवाय या धंद्यात एक जास्तीची डोकेदुखी आहे, ती परत येणाऱ्या मालाची. दुकानदार तबकड्या घेतो ते न खपल्यास परत करण्याच्या बोलीवर. त्या परत आल्या की मोजा, निवडा, स्वस्तात काढा नाहीतर मोडीत घाला. हा खर्च दोन घरांनी वेगवेगळा करण्यात शहाणपणा नव्हता.

पण हीच युनिव्हर्सल कंपनी एके काळी घरगुती व्हिडिओच्या नावानेच बोटे मोडीत होती, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. १९७५ साली सोनीने बेटामॅक्स यंत्र आणले. १९७६ साली युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीवर फिर्याद लावली: लोक घरी बसून कार्यक्रम मुद्रित करतात ही आमच्या हक्कांची चोरी आहे! खटला आठ वर्षे चालला. १९८२ साली चित्रपटधंद्याचे पुढारी जॅक व्हॅलेंटी यांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सांगितले की, एकट्या बाईच्या घरात गळा आवळणारा खुनी शिरावा तसे हे यंत्र आमच्या धंद्यात शिरले आहे. १९८४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सोनीच्या बाजूने निकाल दिला. एका न्यायमूर्तीचे मत फिरले असते तर पुढच्या वीस वर्षांत कंपन्यांच्या तिजोरीत जे अब्जावधी डॉलर पडले ते पडले असते की नाही, देव जाणे. ज्याला खुनी म्हटले तोच घरचा अन्नदाता ठरला.

हा अन्नदाता कायद्याच्या एका साध्या तत्त्वावर जगला. विकत घेतलेली प्रत ही घेणाऱ्याची. ती त्याने दुसऱ्याला विकावी, भाड्याने द्यावी, भाच्याला वाढदिवसाला द्यावी; कर्त्याचा हक्क त्याच्या प्रती काढण्यावर राहतो, पण एकदा विकलेल्या प्रतीच्या हिंडण्याफिरण्यावर राहत नाही. या तत्त्वावर अमेरिकेत गल्लोगल्ली कॅसेटची दुकाने निघाली. कंपन्या एकेक कॅसेट भारी किमतीला विकत, दुकानदार ती दोनचार डॉलरांना शंभरदा भाड्याने देई. मग वॉर्नरचे वॉरन लिबरफार्ब यांनी निराळा हिशेब मांडला: तबकडी एवढी स्वस्त करा की लोकांनी ती भाड्याने न नेता विकतच घ्यावी. डीव्हीडी जपानमध्ये १९९६ च्या नोव्हेंबरात आणि अमेरिकेत १९९७ साली आली आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले. या शतकाच्या आरंभी घरगुती व्हिडिओची मिळकत चित्रपटगृहांच्या मिळकतीहून जास्त झाली होती. चित्रपटगृहात पडलेल्या चित्रपटाला घरात दुसरा जन्म मिळू लागला तो कॅसेटच्या काळापासूनच. 'द शॉशँक रिडेम्प्शन' हा १९९४ चा चित्रपट तिकीटखिडकीवर चालला नव्हता. दुसऱ्या वर्षी तो भाड्याने नेणाऱ्यांनी उचलून धरला. हा दुसरा जन्म हिशेबात धरता येत असे, म्हणूनच मध्यम खर्चाच्या, जरा वेगळ्या चित्रपटावर पैसे लावण्याचे धाडस कंपन्या करीत. ते आता का कमी झाले याचे हेच कारण नट मॅट डेमन यांनी २०२१ साली एका मुलाखतीत दिले आहे, आणि ते आम्हांला पटते.

पुढची घसरण तुम्हांला ठाऊकच आहे. तबकड्या टपालाने पाठविणाऱ्या नेटफ्लिक्सने २००७ साली स्ट्रीमिंग सुरू केले. ब्लॉकबस्टर ही भाड्याच्या दुकानांची बडी साखळी २०१० साली दिवाळखोरीत गेली. नेटफ्लिक्सने आपला टपालाचा धंदा २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद केला. बेस्ट बायने २०२४ साली तबकड्या ठेवणेच सोडले आणि त्याच वर्षी रेडबॉक्सची हजारो भाडेयंत्रे निकालात निघाली. २०२४ मध्येच डिस्नेने अमेरिका व कॅनडातील आपल्या तबकड्यांचा कारभार सोनीच्या हवाली केला. तो पूर्वी लायन्सगेटनेही सोनीकडे दिलेला होता. ज्या सोनीला डिस्नेने न्यायालयात खेचले तिच्याच हाती डिस्नेच्या तबकड्यांची किल्ली गेली. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी.

आता आमचा मुद्दा. या भागीदारीत काय आले यापेक्षा काय आले नाही ते पाहा. वॉर्नर आणि युनिव्हर्सल यांनी एकत्र केल्या त्या तबकड्या. स्ट्रीमिंग मात्र दोघांनी वेगवेगळे ठेवले. २०२० साली, म्हणजे भागीदारी जाहीर झाली त्याच साली, वॉर्नरने एचबीओ मॅक्स काढले आणि युनिव्हर्सलच्या मालकांनी पीकॉक. जे सुकत चालले आहे त्याला दोघांनी मिळून पाणी घालायचे आणि जे वाढते आहे त्याला आपापले कुंपण. १९४८ साली याच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रकंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध निकाल दिला आणि त्यांना आपली चित्रपटगृहे सोडावी लागली. त्या देशात दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकच विक्रीखाते उघडावे आणि फारशी आरडाओरड होऊ नये, याचे कारण आमच्या मते एकच: आजाऱ्याच्या उशाशी कोण बसले यावर कोणी भांडत नाही.

म्हणून या गोदामाला आम्ही कारस्थान म्हणत नाही. उलट, ते नसते तर कित्येक जुने चित्रपट तबकडीवर निघालेच नसते, कारण एकट्याच्या हिशेबात ते बसत नव्हते. पण दारे दोनतीनच उरली की त्या दारांवर बसलेल्यांचा शब्द चालतो, हेही खरे. कोणता चित्रपट पुन्हा छापायचा, किती छापायचा, कोणत्या देशात पाठवायचा हे मोजक्या टेबलांवर ठरते. २०२३ साली डिस्नेने ऑस्ट्रेलियात तबकड्या काढणे थांबविले. तेथल्या रसिकाला विचारून ते थांबविले नव्हते.

आणि तबकडी गेल्यावर उरते काय? तर परवाना. २०२३ च्या मे महिन्यात डिस्नेने 'विलो' ही स्वतःची मालिका स्वतःच्या सेवेवरून काढून टाकली. ती येऊन सहा महिनेच झाले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळविण्यात आले की, तुम्ही पैसे मोजून घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम तुमच्या संग्रहातून काढले जातील. ओरड झाली तेव्हा तो निर्णय फिरविला. या साऱ्यावर कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा केला: जे केवळ वापरण्याचा परवाना आहे त्याला ग्राहकाला तसे स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' म्हणता येणार नाही. कायदा चांगला आहे. पण तो परवान्याची तबकडी करीत नाही. पाटी तेवढी बदलतो.

लोकांना हे उमगत नाही असे मात्र नाही. 'ओपेनहायमर'ची उत्तम प्रतीची तबकडी २०२३ च्या नोव्हेंबरात निघाली तेव्हा नोलन यांनी गमतीने सांगितले होते की, ती विकत घ्या म्हणजे कोणी स्ट्रीमिंगवाला तुमच्याकडून चोरून नेणार नाही. पहिल्याच आठवड्यात अनेक दुकानांतील माल संपला आणि युनिव्हर्सलला नव्याने पुरवठा करण्याची धावपळ करावी लागली. मेलेल्या म्हटलेल्या वस्तूसाठी ही झुंबड! गिऱ्हाईक थोडे उरले आहे, पण जे आहे ते हट्टी आहे.

आपल्याकडे या गोष्टीचा एक पदर फार दुखरा आहे. मोसर बेअरने २००७ च्या सुमारास अठ्ठावीस आणि चौतीस रुपयांना तबकड्या विकून घराघरात चित्रपट नेले. ती कंपनी २०१८ साली मोडीत निघाली. त्या तबकड्या तरी माळ्यावरच्या खोक्यांत पडून आहेत. त्याच्या आधीचे काय? 'आलम आरा' हा १९३१ सालचा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले तोवर फार उशीर झालेला होता. तेव्हा प्रती मोजक्या हातांत होत्या आणि त्या हातांना त्या जपण्याचे कारण दिसले नाही. आज प्रत्येक घरात पडदा आहे, परंतु प्रत पुन्हा मोजक्याच हातांत जाते आहे.

गोदामे एक झाली याबद्दल आमची तक्रार नाही. तो व्यापाऱ्याचा हिशेब आहे आणि तो त्याने करावा. आमची मागणी सरकारकडे आहे. फ्रान्समध्ये चित्रपटाची प्रत राष्ट्रीय संग्रहाकडे जमा करणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे ग्रंथांसाठी १९५४ सालीच तसा कायदा झाला. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक मोठ्या ग्रंथालयांना द्यायची. १९५६ साली त्यात वर्तमानपत्रांची भर पडली. चित्रपटांचे नाव त्यात घातलेले नाही.