संगीत-महोत्सवातील उपाहाराची व्यवस्था

संगीत-महोत्सवाचा मंडप आणि त्याच्या पाठीमागची खाद्यपदार्थांची रांग ही दोन निराळी जगे आहेत, अशी एक समजूत रूढ आहे. मंडपात रागाची शुद्धता कसोशीने पाहिली जाते; कोमल ऋषभ किंचित चढा लागला तरी तिसऱ्या रांगेतील रसिकाची भुवई वर जाते. पण त्याच रसिकाने मध्यंतरात ज्या द्रोणातून बटाटावडा खाल्ला, तो द्रोण कोणत्या पिंपात टाकला, हे त्याला घरी पोचेपर्यंत आठवतही नाही. त्यात त्याचा फारसा दोष आहे असे नाही. त्याने विचार करावा अशी व्यवस्थाच तेथे कोणी केलेली नसते.

पुण्यात पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली महोत्सव सुरू केला. पुढे गावोगावी तशा प्रकारचे उत्सव होऊ लागले. त्या काळी मैफल रात्रभर चाले. पहाटेच्या गारठ्यात चहाचा एक घोट मिळाला की श्रोत्याची भूक भागे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी उघड्या जागेतील ध्वनिवर्धकाला रात्री दहाची मर्यादा घातली, आणि मैफली दुपारी सुरू होऊन रात्री संपू लागल्या. परिणामी दुपारचा फराळ, संध्याकाळचा चहा आणि रात्रीचे जेवण, तिन्ही मंडपाच्या आवारातच येऊन पडली. पाच हजार श्रोते, तीन दिवस, आणि प्रत्येकाचे दिवसाला दोन पेले व दोन ताटल्या एवढेच धरले, तरी साठ हजार नग होतात. यात चमचे, पाण्याच्या बाटल्या आणि हात पुसण्याचे कागद धरलेले नाहीत.

येथे कोणी म्हणेल की, प्लॅस्टिकवर तर बंदी आली आहे. ते खरे आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये, आणि केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून, एकदा वापरून टाकण्याच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे इत्यादी वस्तूंना मनाई केली. परंतु त्यांच्या जागी जे आले त्याकडे थोडे निरखून पाहिले पाहिजे. कागदी पेला चहाने भिजत नाही, याचे कारण त्याच्या आतल्या अंगाला बहुधा प्लॅस्टिकचाच पातळ थर दिलेला असतो; तो कागदापासून सोडवणे जिकिरीचे असल्यामुळे असा पेला सहसा कोणत्याच कारखान्याला नको असतो. मक्याच्या पिठापासून केलेले ‘विघटनशील’ म्हणून विकले जाणारे पारदर्शक पेले हेही असेच फसवे आहेत. त्यांचे खत व्हावयास साठ अंशांच्या आसपासची उष्णता टिकवून धरणारी यांत्रिक भट्टी लागते. परसातल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात. मातीचा कुल्हड दिसावयास गोजिरा, पण एकदा भाजलेली माती पुन्हा शेताची माती होत नाही, आणि भाजावयास जळण लागते ते निराळेच.

त्या मानाने पळसाच्या पानांची, काड्यांनी टोचलेली पत्रावळ, उसाच्या चोथ्याची ताटली किंवा सुपारीच्या झावळीचे ताट ही खरोखरच मातीत मिळणारी आहेत. मात्र अट एकच: ती मातीपर्यंत पोचली पाहिजेत. त्याच पिंपात सॉसच्या पुड्या, बाटल्या आणि बिस्किटांची वेष्टने पडली, तर ती सारी एकत्र गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगावर जातात. तेथे हवेअभावी कुजताना त्यांतून मिथेन वायू निघतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. उरलेल्या अन्नाचेही तेच होते. शंभरांहून अधिक माणसांचा मेळावा परवाना नसलेल्या जागी भरवणाऱ्याने स्थानिक संस्थेला निदान तीन दिवस आधी कळवावे, आणि कचरा जागच्या जागी वेगळा करून द्यावा, अशी अट २०१६ च्या घनकचरा नियमांत घालण्यात आली. अट घालणे सोपे असते. तीन रंगांची तीन पिंपे ठेवून ती पाळली गेली असे मानणे त्याहून सोपे असते. प्रत्येक पिंपापाशी मध्यंतराच्या अर्ध्या तासापुरता एक मनुष्य उभा केल्यावाचून तिन्ही पिंपांत एकच खिचडी होते.

इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात ग्लास्टनबरीचा प्रसिद्ध संगीत-मेळा भरतो. तो भरतो तीच मुळी एका गोठ्याची जमीन. १९७० साली पहिल्या मेळ्याचे तिकीट एक पौंड होते, आणि त्यात शेतावरचे दूध फुकट मिळे. पुढे हाच मेळा दोन लाख माणसांचा झाला. मेळा उठला की त्याच कुरणात गाई चरावयाच्या असतात. मागे राहिलेला पत्र्याचा वा प्लॅस्टिकचा तुकडा गाईच्या पोटात जाऊ शकतो. म्हणून दर काही वर्षांनी एक वर्ष मेळा न भरवता जमीन पड टाकतात; २०१८ साल असेच पड होते. त्याआधीच्या, २०१७ च्या मेळ्यात पाण्याच्या व पेयांच्या दहा लाखांहून अधिक प्लॅस्टिकच्या बाटल्या खपल्या होत्या. २०१९ साली चालकांनी त्यांची विक्रीच थांबवली आणि जागोजागी पाण्याचे नळ ठेवले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांनी श्रोत्यांना केवळ उपदेश करून सोडून दिले नाही. बाटली विकावयास ठेवली नाही, एवढेच केले. महाराष्ट्रात तर पाणपोई ही जुनी, पुण्याची म्हणून मानलेली गोष्ट आहे. मंडपाच्या चार कोपऱ्यांना झाकलेले माठ आणि ओगराळी ठेवावयास कोणत्या विलायती शिकवणीची गरज असावी?

पदार्थांचाही प्रश्न आहेच. स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरातील ‘वे आउट वेस्ट’ या महोत्सवाने २०१२ साली मांसाहार पूर्णपणे वगळला. जनावरे पोसावयास लागणारी जमीन, चारा आणि त्यांपासून होणारे वायू यांचा हिशेब त्यामागे होता. आपल्याकडच्या शास्त्रीय संगीताच्या उत्सवांतले पदार्थ बहुतेक शाकाहारीच असल्यामुळे हा बदल येथे फारसा लागू पडत नाही. येथे प्रश्न पडतो तो निराळा. आपले बहुतेक महोत्सव थंडीत होतात. बाजारात तेव्हा ज्वारीचा हुरडा असतो, मटार, पेरू, बोरे, उसाचा रस असतो. असे असता दर दुसऱ्या दुकानात तोच बर्फातला मका आणि तेच पनीर का असावे? पिठले-भाकरी मागणाऱ्यांची रांग सर्वांत लांब असते, हे पाहणाऱ्यांनी पाहिलेले आहे. ज्वारीला भाताच्या मानाने पाणी फारच थोडे लागते, हा आणखी एक लाभ.

परंतु या साऱ्या चर्चेत ज्याचे नाव कोणी घेत नाही, तो म्हणजे खाद्यपदार्थांचा दुकानदार. जागेचे भाडे तो आगाऊ, एकरकमी भरतो. मध्यंतर अर्ध्या तासाचे. त्या अर्ध्या तासात वडे संपले तर भाडे बुडाले, म्हणून तो जरुरीपेक्षा जास्त तळतो. पत्रावळ महाग आणि कागदी ताटली स्वस्त पडली, तर तो कागदी घेतो. त्याला पर्यावरणाचे धडे देऊन काय साधणार? ज्या करारावर तो सही करतो, त्यातच अपव्ययाचे मूळ आहे. एकरकमी भाड्याऐवजी विक्रीचा काही हिस्सा घ्यावा. रोज सकाळी किती तिकिटे गेली तो आकडा त्याला कळवावा. ताटे-पेले चालकांनीच पुरवावेत. एवढे तीन बदल केले, तर त्याचा अंदाज आणि त्याचा खर्च हे दोन्ही आटोक्यात येतात. वाढण्याच्या बाबतीतही पंगतीचा जुना नियम चांगला होता: वाढपी विचारून वाढी, आणि लागेल तसे पुन्हा फिरे. आता ताटात एकदम ओतले जाते. अर्धी ताटली पंचवीस रुपयांना आणि पूर्ण चाळीसला, अशी सोय ठेवली तर निदान पिंपात जाणारा भात कमी होईल. जे शिजवलेले अन्न हाताळले गेलेले नाही आणि साठ अंशांच्या वर तापते ठेवलेले आहे, ते त्याच रात्री एखाद्या वसतिगृहात पोचवता येते. पण त्यासाठी गाडी आणि घेणारा मनुष्य आधी ठरलेला हवा. रात्री साडेदहा वाजता शोधाशोध करून दोन्ही मिळत नाहीत.

ताटे स्टीलचीच असावीत, हा सर्वांत चांगला उपाय. अनामत रक्कम घेऊन ताट द्यावे, ते परत आले की रक्कम परत करावी. सोड्याच्या बाटलीवर हा व्यवहार एके काळी गल्लोगल्ली चाले. जर्मनीतील उत्सवांत पेल्यांवर तो आजही चालतो. त्यावर तीन आक्षेप निघतात. पहिला चोरीचा; अनामत ताटाच्या किमतीएवढी ठेवली की तो मिटतो. दुसरा पाण्याचा, ताट आधी खरवडून घेतले आणि एकामागून एक तीन टपांतून काढले, म्हणजे वाहत्या नळाखाली धुण्यापेक्षा पाणी पुष्कळच वाचते. धुणाऱ्या बायकांची मजुरी मात्र तिकिटाच्या पैशांतून, ठरलेल्या दराने आणि त्याच रात्री दिली गेली पाहिजे. त्यात काटकसर करून साधलेली पर्यावरणाची सेवा ही कोणाच्या तरी पाठीवर केलेली सेवा ठरेल. तिसरा आक्षेप गवयांचा आहे, आणि तो रास्त आहे: विलंबित ख्याल चालू असता मागून ताटांचा खणखणाट ऐकू येतो. म्हणून धुण्याची जागा वाऱ्याची दिशा पाहून मंडपापासून दूर घ्यावी, टपांच्या तळाला गोणपाट अंथरावे, आणि मोठी धुणी मध्यंतरात व कार्यक्रम संपल्यावर काढावी. मधल्या वेळात ताटे नुसती भिजत पडली तरी चालतात. उलट वाळलेले पिठले भिजल्यावाचून निघतही नाही.