आता माझी पाळी!

परवा बचत गटाच्या बैठकीनंतर आम्ही चक्क ‘सुपर मारिओ लँड’ खेळलो. जपानच्या निन्टेन्डोने १९८९ साली ‘गेम बॉय’बरोबर आणलेला हा खेळ. हातात मावणारं यंत्र, चार पेन्सिल सेलवर चालतं.

डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने उडी मारायची. पहिल्याच खड्ड्यात आम्ही पडलो. कासवावर उडी मारून खूश झालो, तर त्याच्या कवचाचा बॉम्ब फुटला! मागे गेलेली वाट परत दिसत नाही, वर वेळ संपत असते.

“नको बाई, बिघडेल,” म्हणणाऱ्या आम्ही तासाभरात पाळीवरून भांडत होतो. घरातलं यंत्र आम्ही फक्त पुसून ठेवतो. चुकलं तर बोलणी बसतात ना! इथे चुकलं की पुन्हा सुरुवात. आता गटाचा हिशेबही मोबाईलवर आम्हीच लिहायला शिकणार. तुम्हीही बटण दाबून बघा!